गाळलेला हात

कापडगिरणीत वाफेचं इंजिन एका टोकाला असे आणि साचे शेकड्यांनी. इंजिनाची ताकद प्रत्येक साच्यापर्यंत पोचवायची तर छताखालून लांबच लांब लोखंडी दांडे फिरते ठेवावे लागत. दांड्यावर जागोजागी चाकं, चाकांवरून खाली उतरणारे चामड्याचे पट्टे, आणि पट्ट्याच्या खालच्या टोकाला साचा. साचा थांबवायचा तर पट्टा बाजूला सरकवायचा. दांडा मात्र इंजिन चालू आहे तोवर फिरतच राहायचा. कधी पट्टा निसटे, कधी तुटे. मग त्याचं लोंबतं टोक फिरत्या दांड्याला गुंडाळलं जाई. त्या वेढ्यात शेजारच्या माणसाची बाही, पदर किंवा पोरीचे मोकळे केस सापडले, तर माणूसही पट्ट्यामागून वर ओढला जाई. वर दांडा आणि छत यांच्यात जागा थोडी. माणसाचं अंग त्या फटीतून पुन्हा पुन्हा फिरे, आणि कोणी धावत जाऊन इंजिन बंद करवेपर्यंत सगळं संपलेलं असे.

लँकेशायरमधल्या बर्नली गावची क्वीन स्ट्रीट मिल आता संग्रहालय आहे. तिथे तीनशेहून अधिक माग आणि त्यांच्यावरचं दांड्या-पट्ट्यांचं सगळं रान अजून जागेवर आहे. ही गिरणी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरची, म्हणजे पुष्कळ सुधारलेल्या काळातली. तिच्यावरून अर्धशतक आधीच्या गिरणीची नुसती कल्पना करायची. धोट्यांच्या खडखडाटात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून तिथल्या बायका ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखायला शिकल्या होत्या. अशा आवाजात किंकाळी कोणाला ऐकू जाणार?

१८४४ सालच्या इंग्लंडच्या कारखाना कायद्याने या यंत्रांना कठडे किंवा आवरणं घालणं मालकांवर बंधनकारक केलं. कायदा झाला, पण वरच्या दांड्यांना कोणी हात लावला नाही. सात फुटांच्या वर असलेल्या दांड्याला कोण कशाला शिवायला जाईल, असं मालकांचं म्हणणं होतं. कारखाना निरीक्षकांचा अनुभव उलटा होता. माणूस दांड्यापर्यंत जात नाही, पट्टा त्याला तिथे नेतो. १८५४ च्या सुरुवातीला निरीक्षकांनी कळवलं, की उंचीची सबब यापुढे चालणार नाही. लगेच मालकांचं शिष्टमंडळ गृहमंत्री लॉर्ड पामर्स्टन यांच्याकडे गेलं. पट्टा निसटला तर अडकून राहावा म्हणून आकडे बसवले तरी पुरे, अशा तडजोडीची बोलणी सुरू झाली.

याच वेळी, २२ एप्रिल १८५४ च्या अंकात, 'हाउसहोल्ड वर्ड्स' या दोन पेनीच्या साप्ताहिकात 'ग्राउंड इन द मिल' नावाचा लेख आला. लेखकाचं नाव नव्हतं, त्या साप्ताहिकात ते बहुधा नसेच. लिहिणारा होता हेन्री मॉर्ले. गिरण्यांत कोण कसं सापडलं, कोणाचं काय तुटलं आणि त्याबद्दल मालकाला किती किरकोळ दंड झाला, हे त्यात घटना सांगत सांगत मांडलं होतं. साप्ताहिकाचा संपादक चार्ल्स डिकन्स. त्याच अंकात त्याच्या नव्या कादंबरीचा चौथा हप्ता होता. ती कादंबरी 'हार्ड टाइम्स'.

लेख आणि कादंबरी यांचं नातं शेजारच्या पानांपुरतं नव्हतं. या कादंबरीच्या पोटात गिरणीतल्या अपघाताची एक हकिगत होती. डिकन्सने ती लिहिली, ती छापखान्यात जुळली, आणि मग त्यानेच ती काढून टाकली. कादंबरीचं हस्तलिखित आणि त्याने तपासलेली प्रुफं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहेत, डिकन्सचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर याच्या ठेव्यातून आलेली. त्यामुळे काय गाळलं ते आज वाचता येतं. ही गाळलेली जागा लक्षात ठेवल्याशिवाय 'हार्ड टाइम्स' पुरती समजत नाही, असं माझं मत आहे.

कादंबरीचं गाव कोकटाउन. लाल विटांचं, धुराने काळवंडलेलं. एक काळा कालवा, रंगाच्या पाण्याने जांभळी झालेली एक नदी, आणि दिवसभर एकाच लयीत वरखाली होणारे इंजिनांचे दट्टे. त्या दट्ट्यांत डिकन्सला खिन्न वेड लागलेल्या हत्तीचं डोकं दिसलं. गावात थॉमस ग्रॅडग्राइंडची शाळा आहे. मोजता येतं तेवढंच खरं, ही त्या शाळेची शिकवण. ग्रॅडग्राइंडच्या दोन धाकट्या मुलांची नावं अॅडम स्मिथ आणि माल्थस. या शाळेत सर्कशीतल्या विदूषकाची मुलगी सिसी ज्यूप येते. ती घोड्यांमध्ये वाढली आहे, पण तिला घोड्याची व्याख्या सांगता येत नाही. बिट्झर नावाचा मुलगा दातांच्या संख्येसकट ती घडाघडा म्हणतो.

सिसीचा खरा धडा पुढे आहे. तिला विचारतात, दहा लाखांच्या शहरात वर्षभरात पंचवीसच माणसं रस्त्यावर उपाशी मेली, तर यावर तुझं म्हणणं काय? ती म्हणते, बाकीचे दहा लाख असोत की दहा लाख गुणिले दहा लाख, उपाशी मेले त्यांना ते तितकंच जड गेलं असणार. मग हिशेब येतो समुद्रप्रवासाचा. लाख माणसं गेली, त्यातली पाचशे बुडून किंवा जळून मेली, तर शेकडा किती? सिसीच्या मते काहीच नाही. मेलेल्यांच्या घरच्यांना शेकड्याचा काय उपयोग? तिचं उत्तर चूक ठरतं. संबंध कादंबरीचा आरोप मला या दोन उत्तरांत दिसतो. तो आकड्यांवर नाही, आकडा कोणाच्या वतीने मोजला जातो त्यावर आहे. साहेबाच्या टेबलावरून पाहिलं तर पाचशे म्हणजे अर्धा टक्का. ज्या घरात माणूस परतत नाही, त्या घराला तो टक्का दिसतच नाही.

गावातला सर्वात बडा आसामी जोसाया बाउंडर्बी, गिरणीमालक आणि बँकवाला. आपण गटारातून वर आलो असं तो जाईल तिथे सांगतो. पुढे त्याची म्हातारी आई उजेडात येते आणि तिने त्याला पोटाला चिमटा घेऊन नीट वाढवलं होतं हे कळतं. धूर फुप्फुसाला फार चांगला, असं तो ठासून सांगतो. कामगाराने कुठलीही तक्रार केली, की याला सोन्याच्या चमच्याने कासवाचं सूप आणि हरणाचं मटण हवंय, हे त्याचं ठरलेलं उत्तर. ग्रॅडग्राइंडची मुलगी लुइसा या दुपटीहून अधिक वयाच्या माणसाला दिली जाते आणि तिचं आयुष्य आतून जळून जातं. तिचा भाऊ टॉम बँक लुटतो आणि आळ दुसऱ्यावर येतो. तो दुसरा म्हणजे स्टीफन ब्लॅकपूल, बाउंडर्बीच्या गिरणीतला विणकर. वय चाळीस, पण दिसायला म्हातारा.

स्टीफनची बायको दारूच्या पूर्ण आहारी गेली आहे. रेचल या सहकामगारणीवर त्याचं मनापासून प्रेम आहे. काडीमोड मिळेल का म्हणून तो मालकाला विचारतो, तर त्याला कळतं की त्यासाठी पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागेल आणि हजार-दीड हजार पौंड लागतील. तो मान खाली घालून परत येतो. पुढे गिरणीत संघटना उभी राहते. सगळे सामील होतात, स्टीफन होत नाही. आपण वचन दिलंय, एवढंच तो सांगतो. सोबती त्याला वाळीत टाकतात. मालक बोलावून संघटनेची माहिती विचारतो, ती तो देत नाही, म्हणून मालकही त्याला काढून टाकतो. दोन्हीकडून तुटलेला स्टीफन गाव सोडतो.

आता कोणीही वाचक विचारेल, वचन कसलं? कोणाला दिलं? रेचलला, हे समजतं. पण का, याचं उत्तर छापील कादंबरीत नाही. वर्षानुवर्षं समीक्षकांनी हा कथानकातला दोष म्हणून दाखवला. एवढ्या समजूतदार माणसाने कारण न सांगता सगळ्यांचा रोष का ओढवून घ्यावा?

कारण प्रुफांत होतं. पहिल्या खंडाच्या तेराव्या प्रकरणात, एका भयंकर रात्रीनंतर, स्टीफन आणि रेचल बोलत आहेत. रेचलच्या धाकट्या बहिणीचा विषय निघतो. छापील कादंबरीत ही बहीण लहानपणी वारलेली, एक पुसट आठवण आहे. प्रुफांत मात्र स्टीफन सांगतो, की त्या मुलीचा हात रेचलच्या डोळ्यांदेखत यंत्राने उपटून नेला होता. सांगताना त्याचा राग उसळतो. यंत्रांना कठडे न घालणाऱ्यांवर, त्यांना पाठीशी घालणाऱ्या व्यवस्थेवर तो बोलत सुटतो. रेचल तोंड फिरवते. या वाटेने गेलास तर तुझंच वाटोळं होईल, असल्या गोष्टींत पडू नकोस, असं ती त्याला विनवते, आणि तो कबूल होतो. ते वचन हे. या मजकुराखाली डिकन्सने तळटीप दिली होती आणि तीत मॉर्लेच्या लेखाचा हवाला होता. कादंबरीतली पोर कल्पित, पण तिच्या हाताला पुरावा खरा.

हे सगळं गेलं. का गेलं, यावर अभ्यासकांत मतं आहेत. दर आठवड्याच्या हप्त्यात जागा फार कमी, अशी डिकन्सची पत्रांतून सतत तक्रार होती, त्यामुळे कात्री लागली असेल. तळटीप दिलेला भाग कादंबरीत पत्रकासारखा दिसेल, असंही त्याला वाटलं असेल. कारण काहीही असो, परिणाम समोर आहे. राग काढून घेतला आणि स्टीफन संत झाला. जॉन रस्किनने १८६० साली 'अन्टू धिस लास्ट'मध्ये, म्हणजे पुढे १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना रेल्वेप्रवासात भेटलेल्या त्याच पुस्तकात, 'हार्ड टाइम्स'ची शिफारस केली. सामाजिक प्रश्नांत रस असलेल्याने हे पुस्तक लक्षपूर्वक वाचावं, असं त्याने लिहिलं. पण बाउंडर्बी अतिरंजित राक्षस झालाय आणि स्टीफन खराखुरा प्रामाणिक कामगार न राहता सद्गुणांचा पुतळा, हेही त्याने बजावलं. रस्किनचं निरीक्षण बरोबर आहे. मात्र तो पुतळा कसा घडला, ते प्रुफांत दिसतं. आधी तिथे एक चिडलेला माणूस उभा होता.

एक वाक्य मात्र वाचलं. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला कोकटाउनच्या गिरणीमालकांची कैफियत आहे. मुलांना शाळेत पाठवायला सांगितलं तेव्हा ते बुडाले, निरीक्षक नेमले तेव्हा बुडाले, आणि यंत्रांनी माणसांचे तुकडे करणं कितपत योग्य असं निरीक्षक विचारू लागले तेव्हाही बुडाले. अन्याय झाल्यासारखं वाटलं की आपली मालमत्ता अटलांटिकमध्ये फेकून देऊ, अशी त्यांची धमकी ठरलेली. रेचलच्या बहिणीची जागा या एका वाक्यात उरली.

कादंबरी सुरू होण्याआधी, जानेवारी १८५४ च्या अखेरीस, डिकन्स प्रेस्टनला जाऊन आला होता. १८४० च्या दशकातल्या मंदीत कापलेली दहा टक्के मजुरी चांगले दिवस आल्यावर परत द्या, ही तिथल्या विणकरांची मागणी. ऑक्टोबर १८५३ मध्ये मालकांनी एकजुटीने गिरण्यांना टाळी लावली आणि जवळजवळ वीस हजार कामगार रस्त्यावर आले. ११ फेब्रुवारीच्या अंकात डिकन्सने 'ऑन स्ट्राइक' हा लेख लिहिला. गावात दंगाधोपा असेल असं त्याला वाटलं होतं. दिसली ती शांतता. पूर्वी कोंबड्यांच्या झुंजी व्हायच्या त्या जागेत गावोगावच्या प्रतिनिधींची सभा भरली होती. हिशेब चोख, बोलणं शिस्तीत. एक वक्ता भडकाऊ बोलू लागला तर अध्यक्षाने त्याला खाली बसवलं. संप म्हणजे पैशाची, वेळेची, माणसांच्या मनांची नासाडी, हे डिकन्सचं मत बदललं नाही. तरीही त्या माणसांची सभ्यता त्याने मोकळेपणाने नोंदवली.

कादंबरीत मात्र तोच भडकाऊ वक्ता स्लॅकब्रिज होऊन येतो आणि सभा त्याच्या ताब्यात जाते. अध्यक्ष त्याला एकदा खाली बसायला लावतो, पण तेही स्टीफनचं बोलणं ऐकून घेण्यापुरतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बाजूला ठेवून डिकन्सने इथे आपल्या वाचकवर्गाच्या मनातली भीती लिहिली, असं मी म्हणेन. आणि ही चूक गाळलेल्या मजकुराला जोडूनच आहे. हाताची हकिगत राहिली असती तर संघटना कशासाठी हवी, हे वाचकाला आपसूक कळलं असतं. ती गेल्यावर संघटना म्हणजे एका बडबड्याचा खेळ उरला. प्रेस्टनचे विणकर मेच्या सुरुवातीला हरून कामावर गेले. दहा टक्के मिळाले नाहीत.

'हार्ड टाइम्स' संपली १२ ऑगस्ट १८५४ रोजी, आणि २ सप्टेंबरपासून त्याच साप्ताहिकात एलिझाबेथ गॅस्केल यांची 'नॉर्थ अँड साउथ' सुरू झाली. गॅस्केलबाई मँचेस्टरच्या. पाद्र्याची पत्नी म्हणून कामगारवस्तीत त्यांचं रोजचं जाणं-येणं. डिकन्स पाहुणा म्हणून जे पाहून आला, ते त्यांच्या दारात होतं, आणि हा फरक कादंबरीच्या पानापानावर जाणवतो. त्यांची बेसी हिगिन्स कार्डिंग खात्यात काम करून खंगलेली आहे. कापूस पिंजताना उडणारी तूस फुप्फुसांत बसून ती एकोणिसाव्या वर्षी मरणाला टेकली आहे. ती सांगते, काही गिरण्यांत खोलीच्या टोकाला मोठं चाक बसवतात, ते वाऱ्याच्या झोताने तूस ओढून घेतं. पण त्याला पाचेकशे पौंड पडतात आणि त्यातून नफा काही नाही, म्हणून फारसं कोणी बसवत नाही. पुढे ती सांगते ते वाचून माझा हात पान उलटायचा थांबला. चाक बसवलेल्या ठिकाणी काही कामगारांनाच काम नको असे. तूस गिळायची सवय झालेली, ती मिळेनाशी झाली की भूक जास्त लागते, आणि मजुरीत तेवढं खाणं परवडत नाही. औद्योगिक इंग्लंडवर त्या काळात ढीगभर लिहिलं गेलं, पण चाकाची किंमत, नफा, रोग आणि भूक यांची अशी एकत्र गाठ मला दुसरीकडे दिसली नाही.

कठड्यांचा वाद पुढे आणखी चिघळला. १८५५ मध्ये मालकांनी नॅशनल असोसिएशन ऑफ फॅक्टरी ऑक्युपायर्स ही संघटना काढली, कायद्याला तोंड द्यायला आणि सभासदांच्या बाजूने लढायला. 'हाउसहोल्ड वर्ड्स'ने तिचं बारसं कामगारांचे लचके तोडणारी संघटना या अर्थाच्या नावाने केलं. लाखो कामगारांत दांड्यांमुळे मरणारे शेकडा किती, असा मालकांचा प्रश्न होता. मॉर्लेने 'डेथ्स सायफरिंग बुक' हा लेख लिहून ही टक्केवारी धुऊन काढली. सिसी ज्यूप वर्गात चुकीचं उत्तर देऊन बसली, त्याच्या पुढच्याच वर्षी खऱ्या जगात तिला तोच प्रश्न पुन्हा घातला गेला होता.

मालकांच्या बाजूने लेखणी उचलली हॅरिएट मार्टिनो यांनी. गुलामगिरीविरुद्ध हिरिरीने लिहिणाऱ्या, अर्थशास्त्र गोष्टींतून घरोघर पोचवणाऱ्या या बाईंनी डिकन्स आणि मॉर्ले यांच्यावर कडक पुस्तिका लिहिली. अपघात बहुतेक कामगारांच्या बेसावधपणामुळे होतात, कायद्याने ढवळाढवळ करू नये, हा तिचा सूर. 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू'ने तो मजकूर छापला नाही, मालकांच्या संघटनेने छापला. बाई अप्रामाणिक नव्हत्या. आपल्या तत्त्वावर त्यांचा पक्का विश्वास होता. पण तत्त्वाच्या उंचीवरून पाहताना दांड्याखाली उभी असलेली पोर त्यांच्या नजरेतून सुटली. १८५६ च्या कायद्याने कठड्यांचं बंधन सैल केलं. मालक जिंकले.

ज्या वर्षी 'हार्ड टाइम्स' छापून येत होती, त्याच १८५४ साली मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली. १८५६ मध्ये ताडदेवला तिचं उत्पादन सुरू झालं. यंत्रं विलायतेहून आली, छताखालचे दांडे आणि पट्टे त्यांच्यासोबत आले. पुढे कोकणातून, घाटावरून माणसं उतरली आणि गिरणगाव उभं राहिलं. मुंबईचा माल स्पर्धेला आला तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीमालकांनीच हिंदुस्थानच्या गिरण्यांना कारखाना कायदा लावा म्हणून लकडा लावला. वीस वर्षांपूर्वी याच लँकेशायरने घरच्या कायद्याविरुद्ध रान उठवलं होतं. १८८१ चा पहिला हिंदी कारखाना कायदा सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत मज्जाव करतो, बारापर्यंतच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घालतो आणि यंत्रांना कठडे घालायला सांगतो. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल तो गप्प आहे. कामगार जखमी झाला तर पुढे काय, याबद्दलही.

ते बोलले नारायण मेघाजी लोखंडे. मांडवीच्या गिरणीत भांडारपाल म्हणून काम केलेले, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या, आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कारखाना आयोगापुढे गेला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, या त्यातल्या मागण्या. रविवारच्या सुट्टीची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो; ती १८९० मध्ये मिळाली. अर्जातली आणखी एक मागणी क्वचितच कोणी सांगतं. काम करताना कामगाराला गंभीर इजा झाली तर तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. डिकन्सच्या प्रुफांतली पोर मुंबईच्या या अर्जात तिच्या हक्काच्या जागी आहे. इथे तिला कोणी गाळलेलं नाही, आणि हा मजकूर कोणा दयाळू कादंबरीकाराचाही नाही. तो साच्यावर उभ्या असलेल्यांनी स्वतः दिलेला आहे.

लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगने गेले. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने जखमी कामगारांच्या भरपाईचा कायदा मंजूर केला. हिंदुस्थानात तसा कायदा व्हायला १९२३ साल उजाडलं.